दगड डोंगराकडे

वाटेत दगड दिसला की काका थांबायचे. काठी बगलेत धरायचे, एक हात गुडघ्यावर टेकून वाकायचे आणि तो दगड उचलून डोंगराच्या बाजूला नीट ठेवून द्यायचे. लाथेनं कधी उडवायचे नाहीत आणि उताराकडे तर मुळीच टाकायचे नाहीत. वाट होती जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या द्राक्षमळ्यांतली. डांबरी, झाडून काढल्यासारखी स्वच्छ. तिच्यावर दगड असून असून केवढा असणार? सुपारीएवढा. काकांना तेवढाही चालायचा नाही.

"काका, राहू द्या की," मी म्हणायचे. "पाठ धरेल."

"दगड डोंगराकडं," ते म्हणायचे. "खाली कोण आहे ते आपल्याला दिसत नसतं."

खाली बहुधा कुणीच नसायचं. फार तर एखादी बाई कुत्र्याला घेऊन चाललेली. तरी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी उगीचच कठड्यावरून वाकून खाली बघितलं होतं. तुम्हीही बघितलं असतं.

काका म्हणजे समीरचे बाबा. समीर आणि मी एकाच मोटारीच्या कारखान्यात कामाला, आणि राहायलाही एकाच इमारतीत. तो, त्याची बायको ऋचा आणि मुलगी इरा तळमजल्यावर, मी वरती एकटी. काकू गेल्यापासून काका दर उन्हाळ्यात यायचे आणि व्हिसा जितके दिवस ठेवील तितके राहायचे. मूळचे कोरेगावकडचे. सगळी नोकरी मात्र उत्तरेत, लडाखच्या डोंगरांत, सैन्यासाठी रस्ते बांधण्यात गेली. ओव्हरसियर म्हणून वर गेले ते केस पांढरे करूनच खाली उतरले. त्यामुळे जुलै महिन्यात आम्ही घामानं निथळत असताना त्यांच्या डोक्यावर लोकरीची टोपी असायची. "सवय आहे," म्हणायचे. थंडी त्यांच्या अंगातून निघत नव्हती, की त्यांनाच ती काढायची नव्हती, कोण जाणे.

मी काय काम करते ते त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. गाडी खड्ड्यांतून गेली की चाकांना आणि स्प्रिंगांना काय होतं ते मी तपासते, असं सांगितलं. त्यासाठी मुद्दाम खराब केलेला रस्ता असतो, हेही सांगितलं. काकांनी टोपी मागे सरकवली.

"मुद्दाम खराब?"

"हो. अगदी मोजूनमापून."

"मग आमच्या कोरेगावला यायचं की. फुकटात झालं असतं." थोडं थांबून म्हणाले, "आम्ही तिकडं जीव काढून सपाट केलं, आणि तू इकडं पगार घेऊन खड्डे करतीस. बरं आहे बाई."

त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव 'खड्डेवाली' पडलं. अजून तेच आहे.

काकांचा दिवस बाउश्टेलेवर, म्हणजे बांधकामाच्या जागेवर, सुरू व्हायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइप घालण्यासाठी रस्ता खणला होता, आणि इथल्या लोकांनी एकदा रस्ता खणला की तो बुजवायची त्यांना घाई नसते, हे इथं राहिलेल्यांना सांगायला नको. काका हात पाठीशी बांधून कुंपणापाशी उभे राहायचे. कामगार त्यांना 'शेफ' म्हणजे साहेब म्हणायला लागले. काकांना जर्मन भाषेतला एकच शब्द यायचा, 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. तो ते इतक्या योग्य जागी टाकायचे की एकदा नव्यानं आलेल्या इंजिनियरनं त्यांच्यापुढे सगळा नकाशा उलगडला. काकांनी तो वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाले, "गेनाऊ." तो खूश, हे खूश.

घरी आल्यावर मग आमच्यापुढे परीक्षण व्हायचं. "काम चांगलं आहे. पण पाण्याचा विचार उशिरा करतात ही माणसं." कुठलाही रस्ता दिसला की काका आधी त्यावरचं पाणी कुठून जाणार ते बघायचे. त्यातूनच तो चराचा घोटाळा झाला.

एका जूनमध्ये सतत पाऊस लागला आणि आमच्या केलरच्या, म्हणजे तळघराच्या, पायऱ्यांपाशी पाणी साचलं. हाउसमायस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, फोन केला तर तो म्हणाला, सोमवारी येतो. पाणी साचलेलं असताना सोमवारची वाट बघायची ही कल्पनाच काकांच्या डोक्यात शिरेना. आम्ही सगळे कामावर गेल्यावर त्यांनी इराचं वाळूत खेळायचं लाल फावडं घेतलं आणि इमारतीपुढच्या हिरवळीतून, जिच्यावर पोरांनाही पाय ठेवायची बंदी होती, एक देखणा, एकसारख्या उताराचा चर काढला. पाणी झकास वाहून गेलं. फक्त ते गेलं खालच्या अंगाला राहणाऱ्या हेर, म्हणजे श्रीयुत, क्नोल यांच्या भाजीच्या वाफ्यात, आणि तिथून त्यांची सालाडची रोपं बरोबर घेऊन त्यांच्या केलरमध्ये.

ऋचा घरी आली तेव्हा दारात हाउसमायस्टर उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, ऐंशी ओलांडलेले हेर क्नोल उभे होते, आणि मध्ये काका फावडं घेऊन 'गेनाऊ, गेनाऊ' करत होते.

"अहो बाबा, हे काय केलंत?" ऋचाचा आवाज रडवेला झाला होता. "इथं कुंपणाच्या झुडपाची फांदी कापायची तरी विचारून कापतात."

"चर बरोबर आहे गं," काका म्हणाले. "खाली बाग आहे ते मला दिसलं नाही."

एवढं बोलले आणि चराकडे बघत उभे राहिले. लाल फावडं हातातच राहिलं. मला वाटलं, सुनेसमोर शरमले असतील.

दुसऱ्या दिवशी मला दुभाषी म्हणून बरोबर घेऊन ते माफी मागायला गेले. हेर क्नोल यांनी आधी आपल्या गावठी जर्मनमध्ये मनसोक्त बडबड करून घेतली. मग त्यांचा खरा सल बाहेर पडला. सालाडचं काय एवढं, म्हणाले, पण वर द्राक्षमळ्यातली माझी भिंत ढासळत चाललीय. मुलगा कायझर्सलाउटर्नला संशोधन करतो, त्याला सवड नाही, आणि माझी पाठ ऐकत नाही. काकांनी 'भिंत' एवढंच माझ्याकडून समजून घेतलं आणि म्हणाले, "चला, बघू."

डोंगराच्या उतारावर द्राक्षं लावायची तर माती धरून ठेवायला दगडाची भिंत लागते. ना चुना ना सिमेंट. नुसता दगडावर दगड. ती भिंत मध्येच गर्भार बाईसारखी पुढे आली होती. काकांनी तिच्यावरून हात फिरवला. लडाखच्या रस्त्यांनाही अशाच भिंती असतात म्हणे, सुक्या. त्या उन्हाळ्यात दोन म्हाताऱ्यांनी मिळून ती भिंत उतरवली आणि पुन्हा रचली.

ते बघण्यासारखं होतं. हेर क्नोल दोरी लावून काम करायचे आणि काका नजरेनं. "अरे बाबा, तो लांबट दगड आत घाल, आत," काका मराठीत सांगायचे. "नाइन, नाइन," म्हणत हेर क्नोल नकाराची मान हलवायचे. शेवटी तो दगड दोघांनीही न सांगितलेल्या तिसऱ्याच जागी बसायचा आणि दोघंही आपलंच खरं झालं अशा थाटात पुढचा दगड उचलायचे. हेर क्नोल एकदा नको असलेला दगड उताराकडे टाकायला निघाले, तर काकांनी त्यांचं मनगटच धरलं. दगड हातातून काढून घेतला आणि डोंगराच्या कडेला ठेवला. हेर क्नोल यांनी कारण विचारलं नाही. पण नंतर तेही दगड तिकडेच ठेवायला लागले.

शाळेला सुट्टी होती, त्यामुळे इराही तिथंच असायची. दहा वर्षांची पोर. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिला त्या भिंतीपेक्षा नोर्बूत रस होता.

नोर्बू हा काकांच्या हाताखालच्या मजुरांचा मुकादम. हाताखालचा म्हणायचा एवढंच. वयानं काकांहून मोठा, आणि त्या डोंगरांतलाच. एकाहत्तरची लढाई उभी राहिली तेव्हा सैन्याला तोफा वर न्यायला रस्ता हवा होता, आणि जिथं खेचरांनाही पाऊल ठेवताना विचार करावा लागेल अशा ओसाड खोऱ्यात काकांची टोळी कामाला लागली होती. काका तेव्हा विशीतले. पहिल्याच दिवशी ऐट दाखवायला चढावर धावले आणि वर जाऊन धापा टाकत आडवे झाले. नोर्बूनं त्यांना मीठ घातलेला चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, इथं घाई करणारा आधी बसतो, मग झोपतो."

जमीन गोठून दगड व्हायची. म्हणून संध्याकाळी तिच्यावर जाळ करून ठेवायचे आणि सकाळी मऊ झाली की खणायचे. नोर्बू त्या निखाऱ्यांत बटाटे पुरून ठेवायचा. एकदा मोठे साहेब तपासणीला आले, त्यांना वास आला. इथं रस्ता चाललाय की स्वयंपाक, त्यांनी दरडावून विचारलं. नोर्बू शांतपणे म्हणाला, "साहेब, जमीन शिजतीय."

हे मी, किंवा मी कामावर असले तर इरानं, जर्मनमध्ये सांगितलं की हेर क्नोल हातातला दगड खाली ठेवून हसायचे. रोज सकाळी आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "उंड नोर्बू?", म्हणजे 'मग नोर्बू?', आणि इरा म्हणायची, "नॉख माल, आजोबा," पुन्हा सांगा. काका पुन्हा सांगायचे. गोष्ट कुठलीही असो, शेवट ठरलेला. "मग रस्ता झाला, लढाई संपली, नोर्बू गावी गेला. बकऱ्या घेतल्या त्यानं. मजेत आहे."

भिंत पुरी झाली त्या संध्याकाळी हेर क्नोल यांनी आम्हाला घरी बोलावलं. पाव, चीज, मुळ्याच्या चकत्या आणि घरची वाइन. काकांनी वाइन ओठांना लावली आणि तोंड वाकडं न करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. मग हेर क्नोल आत गेले आणि एक फोटो घेऊन आले.

"माझे वडीलही रस्ते बांधायचे," ते म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धात. नॉर्वेत, अगदी वर, उत्तरेला."

फोटोत बर्फ होतं, खुरटी झुडपं होती आणि मधून सरळ गेलेला रस्ता. लांब कोट घातलेला एक तरुण माणूस खिशात हात घालून हसत होता. त्याच्या मागे फावडी घेतलेल्या माणसांची रांग. काकांनी चष्मा काढला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

"यांच्या पायांत काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

चिंध्या होत्या. पायांना गुंडाळलेल्या.

"युद्धकैदी," हेर क्नोल म्हणाले. "वडील परत आले, हा मळा केला, म्हातारे होऊन गेले. तिकडच्या माशांबद्दल बोलायचे, उत्तरेच्या उजेडाबद्दल बोलायचे. या माणसांबद्दल कधीच नाही. मी ते पाय लहानपणीच बघितले होते. पण विचारलं नाही. आणि आता विचारायला कुणी उरलं नाही."

मी हे मराठीत सांगितलं. इरा पाव चावत होती. काका तिच्याकडे बघत राहिले, आणि मग तिच्याकडेच बघत म्हणाले, "नोर्बू गावी गेला नाही."

मला वाटलं, हे माझ्यापुरतं आहे. मी ते जर्मनमध्ये सांगितलं नाही.

"सांग त्यांना," काका म्हणाले. "पोरीलाही कळू दे."

रस्ता डोंगरावर वळणं घेत चढत होता. अशा जागी एक नियम असतो, की एका टोळीच्या डोक्यावर दुसरी टोळी लावायची नाही. तो काकांना नोर्बूनंच शिकवला होता. पण वरून निरोप आला, तोफा निघाल्यात, रस्ता लगेच पाहिजे. काकांनी वरच्या वळणावर खडक फोडायला माणसं लावली आणि खालच्या वळणावर भिंत बांधायला नोर्बूची टोळी.

"तो म्हणाला, साहेब, वर-खाली एकदम नको. मी म्हटलं, लढाई चाललीय, नियम नंतर." काका सावकाश बोलत होते, मला सांगायला सवड मिळावी म्हणून. "वरच्या माणसानं पहारीनं एक दगड दरीकडं लोटला. रोज लोटायचा तसाच. त्याला खाली कोण आहे ते दिसत नव्हतं. दगडानं वाटेतले आणखी दगड घेतले. बाकीची टोळी वाचली, नोर्बू नाही. दरड कोसळली असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. दरड कोसळली नव्हती. तोफा वेळेवर वर गेल्या, आणि मला शाबासकी मिळाली."

दुभाष्याचं काम फार वाईट. मी सांगताना म्हटलं की खाली माणसं होती. काकांना जर्मन कळत नव्हतं, तरी त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी ते वाक्य पुन्हा सांगितलं. यांनी माणसं खाली उभी केली होती. हेर क्नोल यांनी मान हलवली. त्यांनी 'तुमचा काय दोष' वगैरे म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

इरानं जर्मनमध्ये एक प्रश्न विचारला. काका माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

मला सांगवेना. पण सांगावं लागलं. "ती विचारतेय, त्याच्या घरच्यांना हे माहीत आहे का?"

"मुलगी आहे त्याला," काका म्हणाले. "लहान होती. नाही, माहीत नाही." आणि पुढे म्हणाले, "गाव मला माहीत आहे. कधी गेलो नाही."

घरी समीरला कळलं तेव्हा तो आधी चिडला तो स्वतःसाठीच. "मला कधी सांगितलं नाहीत बाबा."

"तुलाही मजेत आहे असंच सांगत आलो."

त्यानंतर काकांनी लडाखला जायचं काढलं, आणि घरात रोज तोच विषय. समीरचं म्हणणं चूक नव्हतं. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाच्या गोळ्या चालू, तिथली हवा विरळ. "या वयात तिथं काही झालं तर मी काय करू?" तो विचारायचा. काका भांडायचे नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "क्नोलना विचारायला कुणी उरलं नाही. नोर्बूच्या मुलीसाठी अजून मी उरलोय. किती दिवस, ते तू सांग." समीरनं मग डॉक्टरांशी बोलून घेतलं, रजा टाकली, आणि सप्टेंबरात त्यांना घेऊन गेला. टप्प्याटप्प्यानं, थांबत थांबत, वर.

काका आता नाहीत. त्याच हिवाळ्यात कोरेगावला झोपेतच गेले. हेर क्नोल यांना मी जाऊन सांगितलं. ते आत जाऊन काकांसारखी लोकरीची टोपी घालून आले, घरातच, आणि खिडकीतून मळ्याकडे बघत बसले. मला काकांची खूप आठवण येते. बाउश्टेलेचं कुंपण दिसलं तरी येते. पण त्यांचं जे रूप मला सगळ्यात जास्त आठवतं ते मी पाहिलेलंच नाही. ते समीरनं सांगितलेलं आहे.

नोर्बूची मुलगी साठीच्या घरात आलेली. बसकं घर, स्वयंपाकघरातच चूल आणि बसायची जागा. सगळ्या वाटेनं काका मनातल्या मनात हिंदी वाक्यं जुळवत होते. बस म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. नियम काय होता, तिचे वडील काय म्हणाले होते, आणि आपण काय केलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. हुकूम कुणाचा होता, घाई का केली, इतकी वर्षं कुठं होतात, यातलं काही विचारलं नाही. या सगळ्याची उत्तरं काकांनी तयार ठेवली होती.

तिनं विचारलं, "त्या दिवशी ते जेवले होते का?"

समीर म्हणतो, "त्यांच्या जागी मी असतो तर हो म्हटलं असतं. पोटभर जेवले होते म्हटलं असतं. कुणाचं काय बिघडणार होतं?"

"नाही," काका म्हणाले. "टोळीला त्यांनी जेवायला पाठवलं. म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, एवढा थर लावतो आणि येतो. म्हणून बाकीचे वाचले."

ती मान हलवत राहिली. "आई सांगायची," ती म्हणाली, "घरीसुद्धा ते सगळ्यांच्या शेवटी जेवायचे."

मग तिनं चुलीवरून गरम थुक्पा, तिकडचं शेवयांचं सूप, दोन वाडग्यांत ओतला आणि दोघांपुढे ठेवला. काका तेव्हा कुठं खाली बसले. पण हात पुढे करेनात. "जेवा," ती म्हणाली, आणि ते जेवू लागेपर्यंत समोरून हलली नाही. ते जेवले, समीर जेवला, शेजारचा कुणी आला तोही जेवला. तिनं स्वतःसाठी वाडगा घेतला तो सगळ्यांच्या शेवटी.

समीर निघायच्या घाईत होता, अंधार व्हायच्या आत खाली उतरायचं होतं. त्यानं दोनदा खूण केली. पण तिचं जेवण पुरं होईपर्यंत काका जागचे उठले नाहीत.